छाट

विडी घरकुलातल्या आमच्या खोलीत
अम्माचं सूप आणि माझा मोबाईल
एकाच बल्बखाली बसतात.
सुपात तेंदूची पानं, ओली, मापात कापलेली.
मोबाईलला टेकण तंबाखूच्या डब्याचं.
त्यातून एक सर बोलतात, कुठले कोण जाणे,
हिंदीत, भराभर, खडू न उडणाऱ्या फळ्यावर:
दोन प्रभार, मधलं अंतर, अंतराचा वर्ग.
कॉलेजात हा धडा दोन तासांत गुंडाळला होता.
इथे मी सरांना सात वेळा थांबवलं
आणि सातही वेळा ते चिडले नाहीत.

एवढ्यासाठी तरी या डबड्याला हात जोडावेत.

पण धडा संपतो, सर जायच्या आतच
खाली एक चौकोन हलायला लागतो.
मांजर पडतं. कुणी नाचतं.
कुणी दुबईत सोन्याचा वर्ख लावलेला वडा खातं.
पुण्याची एक मुलगी पहाटे चारला उठून
अभ्यास कसा करावा ते सांगते.
ते मी रात्री दीडला बघते.

बाराच्या ठोक्याला नवा डेटा येतो, दीड जीबी,
नळाला पाणी यावं तसा.
पाणी चार दिवसांनी येतं,
आलं की मी घागरी, पिंप, तांब्यासुद्धा भरून ठेवते.
हे मात्र वाहू देते.

एकदा सहज मोजलं.
एक रील संपेस्तोवर अम्माची एक विडी होते:
पान, चिमूट, गुंडाळी, दोरा, नखाने तोंड बंद.
त्या रात्री माझ्या एकशे चौदा झाल्या.
पंचविसाचे चार कट्टे, वर चौदा सुट्या.
घेणारा कारखाना कुठला, ते माहीत नाही.

महानंदाला सांगितलं तर म्हणाली,
"मग ॲप काढून टाक की गं."
तिने तीनदा काढलंय.
चारदा घातलंय.

गड्ड्याच्या आधीचा एक रविवार.
अम्माने तेलुगूत विचारलं, मान खालीच घालून,
यात सगळं दिसतं म्हणतेस,
माझ्या आईचं गाव दिसेल का, सिरसिल्ल्याच्या पुढचं?
नकाशात तळं सापडलं.
काठावरची चिंच नाही सापडली.
मग गावच्याच कुणा पोराने टाकलेली बतुकम्मा,
फुलांच्या राशीभोवती टाळ्या देत फिरणाऱ्या बाया.
ही वेंकव्वाची सून असणार, नाक बघ.
परत लाव.
आता पुढचं.
पुढचं दुसऱ्याच गावाचं होतं, तरी बघितलं,
मग कुणाचं लग्न, मग साड्या,
मग लोणच्यात मिरची दाबणारी एक बाई.

सूप मांडीवरून कधी उतरलं कळलं नाही.
अम्माचे हात जागेपणी रिकामे
मी पहिल्यांदाच बघत होते.
थांबवायला हवं होतं, सकाळी माल द्यायचा होता.
नाही थांबवलं.

सकाळी हजारात ऐंशी कमी भरल्या,
आणि घाईत वळलेल्यांतून चेकरने मूठभर छाट काढली:
ही ढिली, हिचं तोंड उघडं.
अम्मा तिथे काही बोलली नाही.
घरी येऊन पाय धुतले, कडक भाकरी मोडली,
चटणीत तेल घातलं आणि मग म्हणाली,
"तुझ्या त्याच्यात छाट काढायला कोण बसतं?"
"कुणीच नाही, अम्मा."
"मग पोरं काय करतात?"

याचं उत्तर कुठल्याच सरांनी अजून दिलेलं नाही.
मीही शोधत बसले नाही; शोधायला गेलं की
पुन्हा तेच मांजर पडतं.

आता परीक्षेला एकोणतीस दिवस.
अंतराचा वर्ग पाठ झालाय, चुंबकत्व राहिलंय.
रात्री बाराला मोबाईल किणकिणतो
आणि अम्मा, दोरा दातात धरून,
वर न बघता म्हणते,
"पाणी आलं वाटतं."

मी हसते. उठते.
कधी घागर भरते.
काल नाही भरली.