झुंफ

ओटमार शिमान्याकच्या तळघरात, बॉट्रॉपला,
मी फक्त काच धरायला उतरलो होतो.
आठ मिलिमीटरची, कडा घासलेल्या.
तरी हातमोजे घाल म्हणाला, काच ओळख ठेवत नाही.

जमिनीवर शनिवारचा पेपर, पेपरावर तळाची काच,
आणि सिलिकॉनची एकच अखंड रेघ.
मध्ये थांबलास तर तिथूनच गळेल.
तळघरभर व्हिनेगरचा वास,
काकड्यांची बरणी फुटावी तसा.
साबणाच्या पाण्यात बोट बुडवून
त्यानं ते सांध्यावरून एकदाच ओढलं.
ते बोट पहिल्या पेराशीच संपतं,
उरलेलं आठशे मीटर खाली आहे.
सिलिकॉनला असंच बोथट लागतं, म्हणाला.

वर दिवाणखान्यात सहा डिस्कस, बशीएवढे,
आणि फुगून वर आलेली लाकडी जमीन.
जानेवारीत वीज गेली तेव्हा
टाकीतलं पाणी निमूट खाली आलं होतं
आणि जुन्या डब्यात मावलं नव्हतं.
हिल्डगुंड अजून त्या फळीवर पाय देत नाही,
बाजूनं जाते.

याला काय म्हणतात, मी विचारलं.
दुकानात काहीही म्हणोत. खाणीत आम्ही म्हणायचो झुंफ:
विहिरीसारखा खड्डा, सगळ्यांत तळाचा,
डोंगराचं पाणी उतरून
पंपाची वाट बघत बसतं तिथं.
माझ्या कानाला ते संप असं लागलं.
सांगितलं, आमच्याकडे संप म्हणजे
हत्यारं खाली ठेवून फाटकाशी बसणं.

तेही केलंय, म्हणाला. सतरा दिवस.
कोळसा थांबला, पिंजरे थांबले, कँटीनची चूल थांबली.
पंप नाही.
पंपावर आम्ही आळीपाळीनं जायचो
दंडावरची लाल फीत न सोडता,
आणि फाटकावरचे सोबती सरकून वाट द्यायचे.
कोणी काही बोलायचं नाही.
नेव्झात तेवढा खिशात एक सफरचंद कोंबायचा.

मग खाण बंदच झाली. बँड वाजला, भाषणं झाली.
पंप चालू आहेत.
हे गाव खचत खचत नदीच्या खाली गेलंय,
चर्च, बेकरी, माझी ही खुर्ची.
उपसा थांबला तर इथं तळं.
हे त्यानं चिकटपट्टी सोलता सोलता सांगितलं,
आवाज न चढवता.

आतले पडदे बसवले:
एक तळाला टेकलेला, एक चार बोटं अधांतरी,
पाणी एकावरून चढेल, दुसऱ्याखालून वाकून जाईल.
सात दिवस सुकू दिलं. आठव्या दिवशी नळी सोडली.
खालच्या पेपरात, हवामानाच्या रकान्यात,
एक ओला ठिपका उमटला.
वरून थोडं सिलिकॉन फासू या, मी म्हटलं.
जुन्यावर नवं धरत नाही, म्हणाला
आणि ब्लेड उचललं.
पुन्हा सात दिवस.

पंपाच्या कप्प्यावर त्यानं मार्करनं रेघ मारली,
काठाच्या बरीच खाली.
एवढं रिकामं?
चालू असताना कोणीही भरतो रे.
बंद पडल्यावर वरून येईल ते मावायला नको?

आणि बटण बंद केलं.

नळातून घोट घोट करत पाणी आलं,
कप्प्यातून कप्प्यात, रेघ बुडवून, वर, अजून वर.
हिल्डगुंड जिन्यात पोछा घेऊन उभी.
वरच्या नळीत हवा शिरली, एक उचकी आली,
आणि सगळं थांबलं.
काठाखाली दोन बोटं.
त्यानं मोजली, अख्ख्या बोटांनी.

बटण त्यानं लगेच दाबलं नाही.
मान कलती करून ऐकत राहिला
फरशीच्या खाली कुठेतरी, खूप खाली.
मला काहीच ऐकू आलं नाही.

संपलं का, हिल्डगुंडनं विचारलं.
नाही, म्हणाला
आणि पंप चालू केला.