धामणीची काठी

धामण सापडेना इकडे.
मामा तीन दिवस हिंडला, कॅनॉलच्या कडेनं,
वसाहतीच्या मागनं, पार आष्ट्याच्या शिवेपर्यंत.
विचारलं त्याला वाटलं, म्हातारा साप शोधतोय.
बाभळ होती, वेडी बाभळ होती, सुबाभूळ होती,
आणि ऊस. जिकडं बघावं तिकडं ऊस.
"ह्यातलं एकबी वाकून परत येत न्हाई," म्हणाला,
"वाकलं की वाकूनच बसतंय."

वरती, वारणेच्या वरल्या अंगाला,
घरामागं पाच पावलांवर धामण होती म्हणे.
मला नाही आठवत. मी ट्रकमध्ये झोपले होते
ताकाच्या डेऱ्याला पाय लावून.

चौथ्या दिवशी त्यानं स्वतःची काठी घेतली.
म्हशी हाकायची. म्हशी विकून दोन वर्षं झालेली,
तरी भागोजी झोरे काठीबिगर
रेशनच्या दुकानातही जात नसे.
मला भिंतीला उभं केलं, टाळूवर तळवा ठेवला,
तेवढ्यावर खूण केली आणि करवत लावली.
मामी चुलीपासून उठली, बघितलं, परत बसली.

पाठ तासायची नाही. पाठीला हातच लावायचा नाही.
पोटाकडनं काढायचं, फुटक्या काचेनं,
भुगा असा की नुसत्या श्वासानं उडावा.
मध्ये मुठीत मावेल एवढं, टोकाला करंगळी.
थोडं काढ, वाकवून बघ.
थोडं काढ, वाकवून बघ.
"डावं अंग हट्टी हाय," म्हणायचा,
मग डावीकडं चार ओढी जास्त.
शेवटी करडईचं तेल चोळलं, पण लाकूड पिईना.
बारा वर्षं त्याच्या तळहातानं पाजलेलं होतं ते.

दोरीसाठी बांधावरचं केकताड.
पानं ठेचून डबक्यात घातली, आठ दिवसांनी
असा वास सुटला की शेजारची सुगंधा जेवेना.
पिवळा गाळ धुऊन गेला आणि आत
पांढरे, लांब, म्हातारीचे असावेत तसे केस.
मांडीवर वळत बसला. दोन पदर
एकीकडं पिळायचे, एकमेकांवर उलटे टाकायचे.
"दोघंबी सुटाया बघत्यात,
म्हणून धरून ऱ्हात्यात."

बाण तुराटीचे. विस्तवावर शेकून सरळ केले,
सात केले, चार बरे निघाले.
टोकाला बाभळीचा काटा, डिंकही तिचाच,
मागं सुताराच्या कोंबड्याची पिसं,
तिन्ही एकाच पंखातली.
त्यावरून जे भांडण झालं ते वेगळंच.

पहिला बाण उसात गेला.
मामा कपाळाला हात लावून बघत राहिला.
रानात बाण कुठं पडला
ते पाखरं उठून सांगतात.
इथं उसातनं काहीच उठलं नाही.

माघात टोळी आली, फड पडला,
आणि मी सरी न् सरी पालथी घातली.
सापडला. पिसं वाळवीनं खाल्लेली,
काटा मात्र शाबूत.
त्याच दिवशी माझ्या टाचेत उसाचं खुंट मोडलं होतं,
मामानं तो काटा बाणातनं उपसला
आणि त्यानंच कुसळ काढलं. माझा नेम,
म्हटलं तर, तेवढाच लागला.

निजायच्या आधी दोरी उतरवायची, एका टोकाची.
ताणून ठेवलेलं लाकूड सरळ व्हायचं विसरतं.
हे मी विट्याला बदली झाली त्या पावसाळ्यात विसरले.
आता ते खिळ्यावर आहे, दोरीबिगर,
आणि तरी जरासं वाकलेलं.

काठीचा उरलेला हातभर तुकडा
मामी दाराला अडसर म्हणून लावायची.
आणि मामा मोकळ्या हातानं रेशनला निघायचा.
तो हात कुठं ठेवावा त्याला उमजायचं नाही.
कधी पाठीमागं, कधी कमरेला,
कधी रांगेत माझ्या टाळूवर,
जी तोवर खुणेच्या
चार बोटं वर गेली होती.