चौथा चर

एप्रिलच्या शेवटी काइनूत रात्र पुरती होत नाही.
बर्फ आतून सुटतो; आवाज आधी, पाणी मग.
काइसू मांडीपर्यंतच्या बुटांनी ओहळात उतरते,
बाटली तीनदा विसळते त्याच पाण्यानं
(नियम आहे. आचमन नव्हे, पण तळवा तसाच वाकतो)
आणि चौथ्यांदा भरते.

पाणी कोऱ्या चहाचं,
जरा जास्तच उकळलेल्या.
काठावरून म्हातारा एवेर्ती विचारतो,
"घाण आहे का?"
"नाही."
"मग काय आहे?"

चटकन सांगता येत नाही तिला.
शेवाळ, जे मेलं पण कुजायचं राहून गेलं.
सूचिपर्णाची सुई, मुळाचा घाम,
कुणाचंच नाव नसलेल्या हजार उन्हाळ्यांचा अर्क.
कोरड्या दिवसांत पाणी खालून येतं, रेतीतून,
पाय न वाजवता, नितळ.
पण बर्फ वितळला की मातीतलं पाणी चढत जातं,
काठाच्या वरच्या सैल थरापर्यंत,
आणि तिथं जे जे सुटं पडलंय
ते उचलून घेऊन निघतं,
घरातल्या माणसांना न विचारता.

"आणि हे चर," ती म्हणते, मग थांबते.
चर त्याचे आहेत.
सदुसष्टचा उन्हाळा, वय अठरा,
सरकार पैसे देत होतं दलदलीचं जंगल करायला.
डासांच्या ढगात उभं राहून खणले त्यानं,
भांग पाडावा तसे सरळ.
पाइन आले. मनगटाएवढे झाले.
तेवढेच राहिले.

मुस्तालम्पीच्या धक्क्यावरून
लेम्पीचा पांढरा कप निसटला होता एकदा.
कितीतरी वर्षं दिसायचा तळाशी,
पोरं त्याच्यावर खडे नेम धरून टाकायची.
मग एका उन्हाळ्यात दिसेना.
कप कुठे गेला नव्हता.
मधलं पाणी दाट झालं होतं.
लेम्पी गेली त्याच्या पुढच्या वर्षी. या दोन गोष्टींचा
एकमेकींशी संबंध नाही, असं तो
न विचारता सांगतो.

काइसूला अजून एक गोष्ट सांगायची असते, ती अवघड:
दक्षिणेतल्या धुरांड्यांनी धूर धुऊन सोडायला सुरुवात केली,
पावसातलं आम्ल उतरलं,
आणि मातीनं इतकी वर्षं आवळलेली मूठ
हळूच सैल केली.
म्हणजे काही रंग चरांचा,
काही चांगुलपणाचा.
हिशोब वेगळा काढता येत नाही.

स्वयंपाकघरात, त्याच्या मेणकापडावर,
ती पाणी गाळते कागदातून.
कागदावर उरतं पातळ, तपकिरी कडं.
ते ती बाजूला ठेवते.
खाली उतरलेलं जपून झाकण लावते त्याला.
"म्हणजे अडलं ते फेकायचं,
आणि निसटलं ते मोजायचं?"
"हो. निसटलं त्यालाच विरघळलेलं म्हणतात."
"किती असेल?"
"लिटरमागे चिमटीलाही येणार नाही एवढं."
तो खिडकीतून ओहळाकडे बघतो,
रात्रंदिवस धावणाऱ्या लिटरांकडे.

पुढं काय होतं त्याचं?
तळ्यात ऊन थोडं फोडतं,
जिवाणू थोडं खातात आणि उच्छ्वास सोडतात.
थोडं समुद्रापर्यंत जातं.
थोडं आत्ता, या खोलीत,
आपण श्वासाबरोबर घेत असू.

उद्या यंत्र येणार आहे चर बुजवायला.
ती खरं सांगून टाकते:
पाणी लगेच सुधारणार नाही. आधी काही वर्षं
आणखी काळं होईल, मग कदाचित.
एवेर्ती कॉफीचा कप विसळतो. एकदाच.
शहात्तर वर्षांत त्याला "मग कदाचित"ची
सवय झाली असावी, किंवा नसावी.

तिचा नकाशा ओढून घेतो,
चष्मा कपाळावर, बोट कागदावर.
"हा चौथा चुकलाय.
सरळ नाही जात तो, इथं वळतो.
मधे खडक होता.
मी वळवला होता."