अक्षरामागे बारा रुपये

पांढुर्णा रोडला, संत्रा मंडीच्या मागे,
जिथं आता काचेचं जिम झालंय
आणि संध्याकाळी पोरं कोल्ड कॉफीचा ग्लास
पिण्याआधी चार बाजूंनी फोटोत घेतात,
त्या ले-आउटमध्ये मला बोलावलं होतं
कम्पाउंडच्या भिंतीवर लिहायला.

दोघी आधीपासून उभ्या.
यावले सिस्टर, खेरडे सिस्टर.
सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं
एकीची दिवसपाळी तेव्हा दुसरीची रात्र.
कर्ज दोघींच्या नावानं, प्लॉट एक,
फाटकं दोन, जिने दोन, बोअर एकच.

"लिव्ह भाऊ, दोन कुटुंबांचे घर, सोबतच विकणे आहे."

मी भाव सांगितला. अक्षरामागे बारा,
आकड्याचे सहा, काना-मात्रा फुकट.
(एरवी चौदा घेतो. पण माझी पोरगी
यावले सिस्टरच्या हातची.)
खेरडे सिस्टर मोजायला लागल्या
नाडी मोजावी तशा,
नजर घड्याळावर, ओठ बंद.

"'सोबतच' काढ. चार अक्षरं वाचतात."
"मंग कोणी अर्धंच मागन."
"मागू दे. अर्धं द्याले येते काय?"

येत नाही, हे मला आत नेऊन दाखवलं.
दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत
हातभर रुंद आरपार खिडकी.
इथून डबे गेले, विरजण गेलं,
आणि रोज सकाळी पावणेसातला
झोपलेलं पोरगं गेलं,
गोधडीसकट, न उठवता,
ड्युटीवर निघालेलीकडून ड्युटीवरून आलेलीकडे.
आता या बाजूनं सनमायका ठोकलाय,
त्या बाजूनं फ्रिज.
"मोटरच्या बिलावरून," यावले सिस्टर म्हणाल्या.
"कायची मोटर? लग्नातल्या साडीवरून."
मग दोघी थांबल्या,
कोणत्या लग्नातली, ते आठवत.

मागे एक संत्र्याचं झाड आहे.
ले-आउट पडायच्या आधी इथं बगीचाच होता.
आंबियाची फळं यावल्यांची,
मृगाची खेरड्यांची, असं ठरलेलं.
झाडाला कोणी विचारलं नव्हतं,
तरी त्यानं बहुतेक साली पाळलं.

नागपूरचं गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे.
वर रूफटॉप करू, खाली मधली भिंत काढू,
मोठा हॉल निघतो.
"तिले हात लावू नका," दोघी एकदम बोलल्या,
"सगळा स्लॅब तिच्यावरच हाये."
गिऱ्हाईकानं भिंतीवर टिचकी मारून पाहिली
आणि गाडीचं छत उघडं टाकूनच गेलं.

मी चुन्याच्या दोरीनं रेघ मारली.
'दोन' यावल्यांच्या फाटकाजवळ सुरू झालं,
'आहे' खेरड्यांच्या फाटकाशी संपलं.
'कुटुंबांचे' मधली दोन टिंबं
मी नेहमीपेक्षा जरा जाड दिली.
खाली दोन नंबर, कारण एकावर
कोणीच राजी नव्हतं.

तेरा अक्षरं, वीस आकडे:
दोनशे शहात्तर.
त्यांनी दीडशे-दीडशे दिले.
उरलेले चोवीस कोणाच्या हातात ठेवावे
समजेना, म्हणून बारा-बारा दिले.
एकेक अक्षर परत.

बसस्टँडवर चहा घेताना लक्षात आलं,
खेरडे सिस्टरच्या नंबरातला
शेवटून तिसरा ९,
माझ्या हातून १ झाला.
वळण उलटं बसलं.

उद्या जाऊन नीट करतो म्हटलं.
उद्या बेनोड्याला शाळेची भिंत आहे,
परवा मंगल कार्यालयाचं नाव.
लाल रंगाच्या डब्याला झाकण लावायचं राहिलं.
त्यावर आता साय धरतेय.