छाया : प्रतिनिधी

सकाळी पर्वरीला मोर्चा,
दुपारी बोरीच्या पुलाखाली उलटलेला रेतीचा ट्रक,
संध्याकाळी चिंचणीला फुटबॉलची फायनल.
एकच स्कूटर, एकच लेन्स.
पावसाळ्यात तिला बुरशी धरते, म्हणून
रात्री ती तांदळाच्या डब्यात निजते.
बायको म्हणते, हा डबा नक्की कोणाचा ते एकदा ठरवा.

छापून आलेल्या फोटोचे दीडशे,
तेही चार महिन्यांनी.
न छापलेल्याचं पेट्रोल आपलं आपण.
खाली नाव येत नाही. येतं, छाया : प्रतिनिधी.
कोणाचा प्रतिनिधी,
हे मी केंकऱ्यांना एकदा विचारलं होतं.
डेस्कवरून ते म्हणाले, उभा पाठव, आडव्याला जागा नाही.

गोलपोस्टच्या मागे, चुन्याच्या रेषेपासून हातभर लांब
मी मांडी घालून बसतो.
भात कापून झालेलं असतं, खुंट टोचतात.
इथून गोल दिसत नाही.
डोळा काचेला लावलेला माणूस
गोल कधीच बघत नाही,
लोक ओरडले की त्याला कळतं
काहीतरी मिळालं असावं.

फ्लोरियानो मला तिथेच मिळाला.
गोलकीपर. हात झावळ्यांएवढे.
पाच मोसम मी त्याला हवेत पकडत राहिलो,
जमिनीवर त्याचं मला काही काम नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याची आई आली, दोन बस बदलून.
पिएदाद तिचं नाव.
पोर्तुगालचा पासपोर्ट झाला, पोर स्विंडनला गेलं,
गोदामात खोकी उचलतं.
फोनवर दिसतं रोज,
पण त्यात पोरापेक्षा जाकीटच जास्त.
साल्यात लावायला फ्रेम तिने आधीच आणली होती.
म्हणाली,
म्हज्या पुताचो एक फोटो जाय. तोंड दिसपी.

मी म्हटलं, त्यात काय, शेकड्यांनी आहेत.

तीन रात्री हार्ड डिस्क उपसली.
तोंड चेंडूच्या मागे.
तोंड हातमोज्याच्या मागे.
दुसऱ्याच कोणाचं कोपर, चिखल, केस.
जो चार कॉलम लागला होता,
केंकरे ज्याला आठवडाभर वा वा म्हणत होते,
त्यात तर नुसते बुटांचे तळवे.
पाच वर्षं या मुलावर मी चूल पेटवली
आणि त्याचे डोळे कसे आहेत
मला सांगता आलं नसतं.

चौथ्या रात्री एक फ्रेम निघाली,
पुसायची राहून गेलेली.
हाफटाइमला उजेड बघायला
सहज दाबलेलं बटण.
खांबाला टेकून तो केळं सोलतोय.
फोकस जाळीवर बसलाय, चेहरा थोडा मऊ.
बघतोय सरळ माझ्याकडे,
ओठ उघडे, मला काहीतरी सांगतोय.
काय, ते आठवत नाही.
मी तेव्हा मान खाली घालून
स्क्रीन बघत असणार.

मडगावला प्रिंट काढून चिंचणीला नेऊन दिली.
तिने हनुवटीवर अंगठा टेकवला, बराच वेळ.
किती, म्हणाली.
सवयीने तोंडातून दीडशे निघालं.
तिने दोनशेची नोट दिली, वर सोलांची पुडी,
आणि प्रिंट उलटी करून पुढे सरकवली.
कोणी काढला ते लिही.

हाताने आपसूक छाया लिहिलं, दोन टिंबं दिली
आणि तो थांबला.
ती वाट बघत होती. घाई नव्हती तिला.
मग लिहिलं, पूर्ण,
आडनावासकट, शाळेत लिहायचो तसं.

मागचा कागद गुळगुळीत, शाई धरीना.
फुंकर घालत बसलो.
खिशात केंकऱ्यांचा फोन
वाजत राहिला.