डाव्या कडेला दाबलं तर

आधी बॅटरी.
एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत फिजिक्सची लॅब सांभाळली मी.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कुणी शिकवायला नको.
नवी बॅटरी घातली. तेच.
म्हणजे बॅटरी नाही. वहीत लिहिलं.

यंत्र टॉर्चएवढं. गळ्याला टेकवायचं,
अंगठ्यानं बटण दाबायचं, ओठ हलवायचे,
की ह्यांचं बोलणं येतं,
पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकावा तसं.
ऑपरेशनला तीन वर्षं झाली, सवय झाली होती भुंग्याची.
आता शब्दाचं तोंडच उडतं.
रिक्षावाल्याला म्हणाले रामबाग,
त्याला ऐकू आलं नुसतं बाग.
कौनसा बाग, अंकल?
इंदुरात बागा काय थोड्या आहेत!

डाव्या कडेला दाबलं तर लागतं.
मधोमध दाबलं तर लहर लागली तर.
मंगळवार, सकाळ, थंडी : वीसदा दाबलं, तेरादा लागलं.
तेच गच्चीत उन्हाला ठेवून : वीसात सतरा.
माझी वही बघून हे हसले.
हसायला यंत्र लागत नाही,
खांदे तेवढे हलतात.

गुरुवारी उलटंच झालं. सुटेचना.
खासगीवाल्यांची शोकसभा, सगळे उभे, दोन मिनिटं,
आणि ह्यांच्या कोटाच्या खिशात भुंगा सुरू.
ज्या माणसानं वीजमंडळात अख्खी नोकरी
कुणाचं वाक्य न तोडता काढली,
तो खिसा दोन्ही हातांनी दाबून धरत
खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेला.
रडणारं मूल घेऊन कुणी जावं तसा.
मी मात्र उभीच राहिले. का, कोण जाणे.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, नवीनच घ्या.
आकडा ऐकून मी फोन ठेवला
आणि जेल रोडला गेले.
फैजान. वय असेल बावीस. कपाळावर भिंग.
चार स्क्रू काढले, रबर उचललं,
खाली दाढीच्या साबणाचा वाळलेला पांढरा थर
आणि थोडी हळद.
हळद माझी. मी काही बोलले नाही.
स्पिरिटनं पुसलं, तरी तेच.
मग बटणाच्या दोन पायांवर त्यानं चिमटा टेकवला,
आणि टेबलावर, कुणाच्याही गळ्याविना,
ते गुणगुणलं.
मशीन ठीक है, आंटी. बस बटन मर गया.
म्हणजे आवाज होता.
परवानगी तेवढी नव्हती.

दहा रुपयांचं बटण, मजुरी पन्नास,
ती त्यानं घेतली नाही, मी ठेवून आले.
घरी वीसदा दाबलं, वीसदा लागलं.
वहीत तारीख घातली, खाली दुहेरी रेघ.
हे गळ्याला लावून म्हणाले,
आता शोकसभेला कोणी बोलावणार नाही.
शब्द पूर्ण. भुंगा तोच.

पण त्या पंधरा दिवसांत
मला ओठ वाचता येऊ लागले होते,
आणि हे त्यांच्या लक्षात आलं आहे.
स्वयंपाकघरात येतात, यंत्र बाहेर टेबलावर,
ओट्यापाशी उभं राहून सांगायचं ते सांगतात.
रात्री ते चार्जिंगला असतं.
काही आठवलं तर हे उशाचा दिवा लावतात
आणि मला चष्मा सापडेपर्यंत
थांबतात.