केसपेपर

फॉर्मवर पहिलाच रकाना: व्यसन कधीपासून?
मी लिहिलं, सोळा वर्षं.
मग खोडलं.
कारण दारूच्या आधी गॅसचं बटण होतं.

रत्नदीप, तू तेव्हा प्रेसमध्ये नवा लागलेला.
डोळ्यांपुढून सरकणाऱ्या नोटांच्या तावांमधून
चुकलेला ताव बाजूला काढायचा.
कुठे रेघ हललेली, कुठे एक ठिपका जास्त.
बाबा जेल रोडभर सांगत फिरायचे,
पोराची नजर घारीची.
सुटताना गेटवर झडती व्हायची,
खिसे चाचपायचे, डबासुद्धा उघडून बघायचे,
तरी ती नजर तू रोज घरी घेऊन यायचास.

रात्री बटण. बंद आहे ना?
मग कडी. मग परत बटण.
सतरा वेळा,
आणि मध्ये कुणी खोकललं तर पुन्हा एकपासून.
आई खोकला गिळून झोपायला शिकली.
आम्ही म्हणायचो, काटेकोर आहे.
आमच्याकडे तेवढाच शब्द होता.

पहिली क्वार्टर कुणी पाजली ते मला माहीत आहे.
नाव घेत नाही, माणूस चांगला होता,
तुझी झोप त्याच्याने बघवली नाही.
त्या रात्री तू चपलांसकट पलंगावर पडलास
आणि बटणाकडे गेलाच नाहीस.
आई पोटभर खोकली.
खरं सांगते,
त्या रात्री मला दारू आवडली.

हे कुठल्या रकान्यात लिहू?

पुढचं सगळ्यांना दिसलं तसंच.
झोपवलेले आकडे सकाळी दुप्पट होऊन उठायचे,
त्यांना झोपवायला परत तीच.
मग हात थरथरायला लागले
आणि थरथरत्या हाताने बटण
एकदा खरंच अर्धवट राहिलं.
इतकी वर्षं जी भीती खोटी होती
ती तू पिऊन पिऊन खरी केलीस.

विहारात पहिली चार शीलं खणखणीत म्हणायचास.
पाचव्याला ओठ मिटायचे.
लोक वळून बघायचे ते पाचव्यालाच.

आत्या म्हणाली, लग्न करून द्या.
दवाखान्याच्या खिडकीवर म्हणाले,
आधी दारू सोडवा, मग डोक्याचं बघू.
पंचवटीतल्या केंद्रात म्हणाले,
याला डोक्याचं आहे, आधी ते बघा,
आमचे बाकीचे पेशंट बिथरतात.
मध्ये गोदावरी.
होळकर पुलावरून रिक्षाने इकडून तिकडे,
तिकडून इकडे.
चौथ्या खेपेला तू पुलाचे दिवे मोजत होतास.
मी अडवलं नाही.
मीही मोजत होते.

कासलीवाल मॅडमनी का पितोस विचारलं नाही.
म्हणाल्या, न पिता रात्र कशी जाते?
तू म्हणालास, मोजत.
सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणी हे विचारलं होतं,
आणि आमच्यापैकी कुणी नव्हतं ते.
त्यांनी दोन्ही आजार एकाच कागदावर लिहिले,
एकाखाली एक,
मध्ये रेघ न मारता.
मी विचारलं, आधी कुठला?
त्या म्हणाल्या, दोघं एकाच ताटात जेवतात, ताई.
एकाला उठवून चालणार नाही.

त्यानंतरही तू दोनदा प्यायलास.
तेही त्यांनी त्याच कागदावर लिहिलं,
तारखेसकट, आवाज न चढवता.

काल रात्री थंडी कडक होती, खिडक्या बंद.
तू उठलास. बटण.
एक. दोन.
मी पांघरुणात जागी.
तीन. चार. पाच.
आणि आई खोकली.
मुद्दाम की खरंच, तिलाच माहीत.
घर जागच्या जागी थिजलं.
तू ओट्यापाशी तसाच उभा,
हात हवेत, नळ ठिबकतोय.

मग हळूच म्हणालास,
सहा.